बचत गटाच्या स्टॉलवरचं अंबाडी-कोश्याचं पॅकेट, घ्यायचं का?

तालुक्याले बचत गटाचं प्रदर्शन लागते तिथं भेटलं हे, ३५० रुपये. अंबाडीच्या वाखाची (सालीच्या धाग्यांची) जुडी, कोश्याच्या म्हणजे टसर रेशमाच्या घिच्च्याची लडी, हातकताईचं सूत आन पळसफुलानं रंगवलेलं पिवळं सूत. मी वॉल हँगिंग करते म्हणून घेतलं, घरच्यांच्या मते अंबाडी फक्त पोळ्याच्या वेसणी-कासऱ्यालेच लागते.

अंबाडीतच पैसे वसूल हायेत बरं का. बाजारच्या जुडीत अर्धी साल नि काड्याच असतात, ही मात्र पाण्यात बरोबर सडवून स्वच्छ धुतलेली, लांब नि चमकदार. पाण्याचा हबका मारून वळायची, कोरडी वळली का तुसं निघतात. वाख मुळातच ताठ असल्यानं जाड दोर वळून दाट गाठी मारल्या का आकार बऱ्यापैकी आपला आपणच उभा राहते. मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) माग न वापरता दोरांना गाठी मारून केवढाली शिल्पं करायच्या, फोटो पाहा एकदा, मग दाव्याच्या दोराकडे पाहायची नजरच बदलते. अंगावर घालायचं काही करायचं असन तर मात्र नका घेऊ, टोचते.

घिच्चा म्हणजे ऐन-अर्जुनाच्या झाडावरच्या कोश्यांचा, पण न पिळता काढलेला, जाड-बारीक धागा. लुगड्यात ते खोट दिसलं असतं, भिंतीवर तेच शोभते. पण त्याच्यात डिंक तसाच होता, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळला तेव्हा कुठं मऊ झाला नि चमक आली. पॅकेटवर याचं एक अक्षर नाही, नवीन माणसानं काय समजावं? आन रंगवू नका त्याले, मधासारखा स्वतःचा रंग हाय तो कशाले घालवता.

पिवळं सूत बेकार. खिडकीतून ऊन येते त्या भिंतीवर लावलं तर रंग उडाला, पळसाचा रंग उन्हात टिकत नाही हे विकणाऱ्यानं सांगाले पाहिजे ना. त्यापेक्षा हिरडा नि लोखंडाचा काळा द्या. नैसर्गिक रंगाचं चांगलं काम पाहायचं असन तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयातली खादी हातात घेऊन पाहा.

मी अंबाडीसोबत पंपाच्या जळक्या मोटरची तांब्याची तार विणून राहिली सध्या, वायंडिंगवाल्याकडून थोडी मागून आणली, भुऱ्या वाखात लय खुलते. पुढच्या बारीले पॅकेट नाही घेणार, वाख नि घिच्चा सुटा पण देते ती ताई, मागा लागते फक्त.