पेलेट ग्रिल की ऑफसेट स्मोकर: मागच्या अंगणासाठी कोणतं घ्यावं?

टेक्सासात घर घेतलं, मागे ऐसपैस अंगण मिळालं, की पहिल्या उन्हाळ्यातच हा प्रश्न उभा राहतो. शनिवारी सकाळपासून शेजाऱ्याकडून ओकच्या धुराचा वास येत असतो आणि आपल्यालाही वाटतं, एक स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायची भट्टी, घ्यावाच. दुकानात गेलं की दोन टोकं दिसतात. एक पेलेट ग्रिल: तापमान लावा, मांस ठेवा, झोपायला जा. दुसरा ऑफसेट: आडवं लोखंडी पिंप, त्याच्या बगलेला जोडलेली भट्टी, आणि दिवसभर लाकडं घालत बसणारा एक माणूस. माझं मत आधीच सांगतो. चवीत फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. वेळेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच व्हायला हवा.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या, साधारण 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. लाकडातलंच लिग्निन गरम होऊन भुशाला धरून ठेवतं. कांड्या बाजूच्या पेटीत ओतायच्या. पेटीच्या तळाशी मळसूत्रासारखा ऑगर फिरतो आणि त्यांना थोडं थोडं करून वाटीएवढ्या अग्निपात्रात ढकलतो. तिथे विजेवर तापणारी सळई त्यांना पेटवते, पंखा हवा देतो, आणि आतलं तापमान बघून कंट्रोलर ठरवतो की इंधन वाढवायचं की थांबवायचं. ऑरेगनच्या जो ट्रेगरने 1980च्या दशकात हे यंत्र बाजारात आणलं. 1986चं त्याचं पेटंट 2006मध्ये संपलं आणि मग इतर कंपन्यांची रीघ लागली. आता फोनवरूनही तापमान बदलता येतं. उंटावरून शेळ्या हाकण्याची इतकी चोख सोय दुसरीकडे नसेल.

ऑफसेटमध्ये कंट्रोलर तुम्हीच. भट्टीत आधी निखाऱ्यांचा चांगला थर तयार करायचा, मग त्यावर एकेक ओंडका. पुढचा ओंडका भट्टीच्या माथ्यावर तापत ठेवतात, म्हणजे आत गेल्या गेल्या तो पेट घेतो. थंड किंवा ओलसर ओंडका नुसता धुमसतो, धुराड्यातून पांढरा दाट धूर सुटतो, आणि तो मांसावर बसला की चव कडवट होते, जीभ बधिरल्यासारखी वाटते. चुलीत ओलं सरपण घालून डोळे चोळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हवा असतो तो जेमतेम दिसणारा निळसर धूर, आणि तो फक्त नीट जाळ धरलेल्या लाकडातूनच येतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे उष्णता वाढली की हवेची झडप आवळायची. त्याने तापमान उतरतं खरं, पण जाळ गुदमरतो आणि धूर बिघडतो. जाणकार झडप उघडीच ठेवतात आणि पुढचा ओंडका लहान निवडतात.

हे सगळं अर्ध्या-पाऊण तासाला एकदा. वारा फिरला की गणित बदलतं. भट्टीकडची बाजू जास्त तापते, म्हणून मांसाचं जाड टोक तिकडे करायचं. ऑस्टिनच्या ॲरन फ्रँकलिनने 2009मध्ये एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली, आणि त्याच्या ब्रिस्केटसाठी, म्हणजे बीफच्या छातीकडच्या मांसासाठी, आजही लोक सकाळपासून रांग लावतात. टेक्सासातल्याच लेक्सिंग्टनच्या स्नोज बार्बेक्यूत टूट्सी टोमनेट्झ ऐंशी ओलांडल्यावरही पहाटेच्या अंधारात भट्ट्या सांभाळायच्या. हे दुकान आठवड्यातून एकदाच, शनिवारी उघडतं. अशा ठिकाणी लोक ज्यासाठी पैसे मोजतात, त्यातला मोठा वाटा आगीवर बसलेल्या हाताचा असतो.

आता चव. पेलेट ग्रिलमध्ये छोटीशी आग भरपूर हवेत जळते, त्यामुळे धूर स्वच्छ पण सौम्य. ऑफसेटमध्ये अख्खं लाकूड जळतं, गरम हवा आणि धूर मांसावरून जोरात वाहत जातात, आणि वरची काळपट खरपूस साल, जिला तिकडे बार्क म्हणतात, जास्त दमदार होते. दोन्हीकडचे काप शेजारी ठेवले तर फरक कळतो. पण ताटात बटाट्याचं सॅलड, लोणच्याच्या चकत्या आणि गोडसर सॉस आला की बऱ्याच पाहुण्यांना तो कळत नाही, हेही तितकंच खरं. कापाच्या कडेला दिसणाऱ्या गुलाबी पट्ट्यावरून कोणी निवाडा देत असेल तर लक्ष देऊ नका. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी प्रक्रिया होऊन तो रंग येतो, चवीशी त्याचा फारसा संबंध नाही. पेलेटवाल्यांनी धूर वाढवायचा असेल तर पहिले काही तास 225 फॅरनहाइट किंवा त्याखाली ठेवावं. मांस थंड आणि ओलसर असतानाच धूर चांगला धरतो.

‘पेलेट म्हणजे फसवणूक’ असं म्हणणारे भेटतील. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांच्या नियमांत लाकूड आणि कोळशाबरोबर पेलेटही चालतात, शिजवायला गॅस किंवा विजेची उष्णता चालत नाही. तेव्हा तो वाद तिथेच सोडलेला बरा.

खरं तर यंत्र तुमचं एकच काम करतं, आगीचं. बाकीचं तुमच्याच गळ्यात. पाच-सहा किलोंचं ब्रिस्केट रात्री चढवलं की आतलं तापमान 150-160 फॅरनहाइटच्या आसपास तासन्‌तास अडून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि तेवढ्यानेच मांस थंड राहतं. तेव्हा घाबरून उष्णता चढवायची, कागदात गुंडाळायचं की नुसतं थांबायचं, हे ॲप ठरवत नाही. 203 फॅरनहाइट, म्हणजे 95 सेल्सिअस, हा आकडा सगळे सांगतात, पण कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारे तंतू, विरघळलं की नाही ते सळई टोचूनच कळतं: लोण्यात गेल्यासारखी विनाअडथळा गेली पाहिजे. चरबी किती छाटायची, उतरवल्यावर मांसाला किती विसावा द्यायचा, काप धाग्यांना आडवे कसे घ्यायचे, हा हात दोन्हीकडे बसवावाच लागतो. पेलेट घेतल्यावर हे शिकायला उसंत मिळते, आणि त्याच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

खर्चात एक सापळा आहे. मोठ्या दुकानांत दोन-तीनशे डॉलरला मिळणारा पातळ पत्र्याचा ऑफसेट दिसायला झकास असतो. पण पत्रा उष्णता धरत नाही, दारांच्या फटींतून धूर गळतो, आणि तापमान झोका घेतं. त्यावर शिकायला बसलेला माणूस दोष स्वतःलाच देतो आणि दोन महिन्यांत ते पिंप ताडपत्रीखाली जातं. ऑफसेट घ्यायचा तर पाव इंची पोलादाचा घ्या, नाहीतर घेऊच नका. तो महाग असतो, आणि अंगणात आणायला चार माणसं लागतात. शिवाय सुकं लाकूड सतत मिळायला हवं, साठवायला कोरडी जागा हवी. घरमालकांच्या संघटनेचे नियम आधी वाचा, कारण दहा तासांचा धूर सगळ्याच शेजाऱ्यांना आवडत नाही.

पेलेटची दुखणी वेगळी. कांड्या ओल्या झाल्या की फुगून पुन्हा भुसा होतात आणि ऑगरमध्ये घट्ट बसतात, म्हणून पिशवी घरात, पेटी झाकलेली. वीज गेली की सगळं बंद. अग्निपात्रातली राख काढली नाही तर पेटायला त्रास होतो, आणि साचलेली चरबी साफ केली नाही तर ती पेट घेऊ शकते. पाच-सात वर्षांनी कंट्रोलर गेला तर तो पार्ट मिळेल का, हे खरेदीआधीच विचारा.

या दोघांच्या मधे एक वाट आहे, आणि आगीची हौस आहे पण खात्री नाही अशा माणसाला मी तीच सांगतो: गोल झाकणाचं कोळशाचं केटल ग्रिल. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफनने 1952मध्ये समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचा गोळा मधोमध कापून ते बनवलं होतं. कडेने ब्रिकेटांची, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांची, नागमोडी रांग लावायची, एका टोकाला पेटवायची, वर हिकरीचे किंवा सफरचंदाच्या लाकडाचे चार तुकडे. रांग सावकाश जळत जाते, तासन्‌तास 225-250 फॅरनहाइट टिकतं. आग तुम्हीच लावता, पण तिच्याशी बांधले जात नाही. किंमतही नवीन पेलेट ग्रिलच्या निम्म्याहून कमी.

आपल्या घरांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण बऱ्याच जणांकडे ब्रिस्केट शिजणारच नाही. चिकनला बारा तास नकोतच. 225वर त्याची कातडी रबरासारखी राहते, ते 325च्या पुढेच करावं, आणि आतून 165 फॅरनहाइट झालं की उतरवावं. त्यासाठी ऑफसेट घेणं म्हणजे पैसे उधळणं. पोर्क शोल्डर किंवा कोकराचा खांदा असेल तर लांबलचक स्मोकिंगचं चीज होतं, दोन्हींत पुरेशी चरबी असते. हलाल दुकानातली बकऱ्याची रान मात्र कोरडी पडते. थोडा वेळ धूर देऊन मग पाणी आणि मसाल्यासकट झाकून शिजवा, आणि खाटकाला ती अख्खी द्यायला सांगा, नाहीतर तो सवयीने रश्श्याचे तुकडे करून देतो. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर पनीर, कणसं आणि भोपळी मिरच्यांसाठी दुसरी जाळी ठेवा. पेलेट ग्रिलवर हे सगळं एकाच दुपारी, कोणाला भट्टीजवळ न बसवता होतं. लहान मुलं असलेल्या किंवा शनिवारी मराठी शाळेत मुलांना सोडणं-आणणं करणाऱ्या घराने सरळ तेच घ्यावं.

आणि ज्याला पहाटे साडेचारला उठून, चहाचा कप हातात धरून, जाळाकडे बघत बसण्यातच सुट्टी वाटते, त्याने पेलेट घेऊ नये. त्याचा ते वर्षभरात हिरमोड करील. अशाने आधी एक हंगाम केटलवर काढावा, आणि तरीही लाकडाची ओढ राहिली तर जाड पोलादाचा ऑफसेट जुन्या बाजारात शोधावा. तळ गंजला नसेल आणि दारं नीट बसत असतील तर वापरलेला ऑफसेट नव्याइतकाच चालतो.