कॅल्शियम: गोळी घ्यावी की नाचणीची भाकरी?

ठाण्यात जांभळी नाक्यावर नाचणी, तीळ सगळं मिळतं. तरी धडधाकट माणसंही मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या नेतात, याचं वाईट वाटतं. गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५०, ग्लासभर दुधात २४०च्या आसपास. मोठ्यांची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम. म्हणजे दोन ग्लास दूध, वाटीभर दही आणि नाचणीच्या दोन भाकऱ्या यांतच ती जवळजवळ भागते! पालकावर मात्र विसंबू नका. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. गोळीने काहींचं पोट जड होतं, काहींना मुतखड्याचा धोकाही वाढतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर डॉक्टर सांगतील ती गोळी जरूर घ्या, आणि ती कॅल्शियम कार्बोनेटची असेल (वेष्टनावर लिहिलेलं असतं) तर जेवणासोबतच.