जुन्या एमएक्स-५मधली नवी म्युझिक सिस्टीम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडची गाडी १९९४ची, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे दोन आसनांची, छत उघडता येणारी छोटी गाडी. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा गाडीतले संगीत म्हणजे कॅसेट, आणि माझ्या गाडीतला मूळचा कॅसेट प्लेअर परवापरवापर्यंत जागेवर होता. तो कॅसेट आत घेत असे, दीड गाणे वाजवत असे आणि मग फीत पोटात गुंडाळून गप्प बसत असे. दारातल्या स्पीकरची अवस्था त्याहून वाईट होती. जाळी काढून शंकूला बोट लावले तेव्हा त्याची फोमची कड भुग्यासारखी झडून माझ्या हातात आली. आठ महिन्यांपूर्वी हे सगळे बदलले. त्यानंतर छत उघडे ठेवून, छत लावून, उन्हात, पावसात आणि लांबच्या प्रवासात ही सिस्टीम भरपूर वापरली आहे, म्हणून आता तिच्याविषयी थोड्या खात्रीने लिहिता येईल.

आधी मी काय बसवले ते सांगतो. डॅशबोर्डमध्ये ब्लूटूथ आणि यूएसबी असलेले एका डिनचे (या मापाविषयी पुढे) हेड युनिट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य रेडिओ, दारांत खालच्या स्वरांचा साडेसहा इंची वूफर आणि वरच्या स्वरांचा वेगळा ट्विटर असा कंपोनंट संच, डिकीत प्रत्येकी ४५ वॅटच्या चार चॅनेलचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर आणि शेजारच्या आसनापुढे सर्वांत खालच्या स्वरांसाठी पेटीतला एक छोटा सबवूफर. यांपैकी सबवूफर आता गाडीत नाही. का, ते पुढे येईल.

हेड युनिट निवडताना पहिला मोह मोठ्या टचस्क्रीनचा होतो. या गाडीच्या कन्सोलमध्ये दोन डिनची जागा असल्याने तो मलाही झाला होता. एक डिन म्हणजे दर्शनी १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच खाच. १९८४मध्ये जर्मन मानक म्हणून हे माप ठरले आणि त्याच्याच कृपेने तीस-तीस वर्षांच्या गाड्यांत आजचा रेडिओ विनासायास बसतो. मात्र उघड्या गाडीत टचस्क्रीन किती निरुपयोगी ठरते, हे एका ओळखीच्या गाडीत बसून पाहिले. छत मागे टाकले की ऊन थेट काचेवर पडते, पडद्यावर स्वतःचा चेहरा आणि आकाश सोडून काही दिसत नाही, आणि कडक बसवणीच्या गाडीत खड्ड्यातून जाताना बोट नेमक्या चौकोनावर टेकत नाही. म्हणून मी गोल फिरणारी, हाताला ठसठशीत लागणारी नॉब असलेले युनिट घेतले आणि खालच्या रिकाम्या डिनमध्ये फोन ठेवायचा कप्पा बसवला. आठ महिन्यांनंतर या निवडीचे समाधान सर्वांत जास्त आहे, कारण रस्त्यावरची नजर न हलवता आवाज कमी-जास्त करता येतो. जुन्या डॅशबोर्डमध्ये निळ्या झगमगाटाचे युनिट डोळ्यांना खुपते. त्यामुळे दिव्याचा रंग बदलता येणारे युनिट शोधण्यात माझे काही आठवडे गेले, आणि ते सत्कारणी लागले असे वाटते. ही गरज गाडी बनवणाऱ्यांनाही जाणवलेली आहे. पोर्शने २०२०मध्ये आपल्या जुन्या ९११ गाड्यांसाठी जुन्या रूपाचे, पण आतून आजचे असे युनिट बाजारात आणले ते याच कारणाने.

आता वॅटविषयी, कारण फसगत सर्वाधिक इथे होते. बहुतेक हेड युनिटच्या डब्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला विकृती न येता जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात, हे साध्या गणितानेच निघते. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाची हद्द १५ ते २० वॅटपाशी संपते. मग ते पन्नास येतात कुठून? आवाज इतका वाढवला की लहरीचे माथे पूर्ण कापले जाऊन ती चौकोनी झाली, तर हिशेब ५० वॅटच्या पुढे जातो. म्हणजे डब्यावरचा आकडा खोटा नसतो, फक्त तो ऐकण्यालायक आवाजाचा नसतो. बंद गाडीत १५ वॅट पुष्कळ होतात. छत उघडे ठेवून ताशी ८० किलोमीटरने जाताना मात्र वारा, टायर आणि सायलेन्सर यांचा आवाज संगीताच्या अंगावर येतो आणि हेड युनिटच्या बळावर वाजणारे स्पीकर चिरकू लागतात. मी पहिले तीन आठवडे अ‍ॅम्प्लिफायरशिवाय काढले. फरक किती असेल अशी शंका होती, ती पहिल्याच दिवशी फिटली. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, तेव्हा हा फरक मोठेपणाचा कमी आणि स्वच्छपणाचा जास्त आहे. वाऱ्यातही गायकाचे शब्द कळतात, आणि मला तेवढेच हवे होते.

वायरिंगच्या बाबतीत या गाडीने एक मोठी सवलत दिली आहे. वजनाचा तोल साधण्यासाठी तिची बॅटरी मुळातच डिकीत बसवलेली आहे, त्यामुळे इतर गाड्यांत इंजिनाच्या बाजूने भिंत भोसकून मागे आणावी लागणारी जाड वायर इथे मीटरभराचीही लागली नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायर. हा फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, कारण तो वायरचे रक्षण करतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला वाचवणारे कोणी नसते. अर्थिंगसाठी डिकीतला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळला आणि ऑल्टरनेटरची (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राची) स्पीकरमधून येणारी, इंजिनाबरोबर चढत जाणारी शीळ एकदाही ऐकू आली नाही.

मनस्ताप झाला तो वेगळ्याच ठिकाणी. दार आणि स्पीकर मी स्वतः केले, पण हेड युनिटच्या मागची जोडणी एका इलेक्ट्रिशियनकडे सोपवली होती. गाडी घरी आणली, रेडिओ लावला, उत्तम वाजला. ब्लूटूथवर गेलो की दारांतून आवाज गायब. पुन्हा रेडिओ लावला की पुन्हा सुरू. मी आधी फोनला दोष दिला, मग युनिटला, आणि दोन दिवस त्यात घालवले. तिसऱ्या दिवशी रेडिओ लावताना मागच्या बाजूला मोटरवरचा अँटेना घुर्र करत वर येताना पाहिला आणि ब्लूटूथ लावताच तो खाली जाताना पाहिला, तेव्हा उलगडा झाला. हेड युनिटच्या मागे दोन निळ्या वायरी असतात. नुसती निळी अँटेनासाठी असते आणि कित्येक युनिटमध्ये तिच्यात रेडिओ चालू असतानाच वीज येते. निळी-पांढरी पट्ट्याची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जागे करण्यासाठी असते आणि युनिट चालू आहे तोवर ती जिवंत राहते. त्या गृहस्थांनी दोन्ही कामे एकाच निळीवर जोडली होती. एक जोड बदलायला मला दहा मिनिटे लागली, पण त्यासाठी सबंध कन्सोल पुन्हा खोलावे लागले आणि तीस वर्षांच्या प्लॅस्टिकची एक क्लिप तुटली ती तुटलीच. तेव्हापासून जुने प्लॅस्टिक उघडण्याआधी गाडी तासभर उन्हात ठेवतो. थंड प्लॅस्टिक काचेसारखे तडकते, कोमट असले तर वाकते.

एक शहाणपण मात्र सुरुवातीलाच सुचले होते: गाडीची मूळ वायर एकही कापली नाही. जोड देणारा तयार हार्नेस (सॉकेट लावलेला वायरींचा जुडगा) मध्ये घातला, त्यामुळे उद्या कॅसेट प्लेअर परत बसवायचा झाला तर दोन सॉकेट बदलले की काम झाले.

या सगळ्या खटाटोपात खरा फरक कशाने पडला असे कोणी विचारले, तर मी दारांकडे बोट दाखवीन. जुन्या दाराचे आतले पॅनेल काढले की समोर पत्र्यातली मोठमोठी भोके दिसतात, आणि त्यांवर चिकटवलेला मूळचा प्लॅस्टिकचा कागद माझ्या गाडीत अर्धा सुटून लोंबत होता. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा मागची हवा त्याच्या उलट दिशेची लहर तयार करते. ती लहर या भोकांतून पुढे आली की दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि खालचे स्वर नाहीसे होतात. कितीही चांगला स्पीकर अशा दारात लावा, तो डब्यात ठेवलेल्या ट्रान्झिस्टरसारखाच वाजणार. मी बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिलची, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी चिकट रबरी डॅम्पिंग शीट लावली, आतल्या पत्र्याची भोके झाकली आणि स्पीकरखाली जाड कडे बसवून त्याच्या कडेला फोमची पट्टी दिली. शीट सगळीकडे थापायची गरज नसते. पत्र्यावर टिचकी मारावी, जिथे तो ‘टण्ण’ वाजतो तिथे लावावी आणि ‘ठप्प’ वाजू लागला की थांबावे. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची बारीक छिद्रे असतात, ती चुकूनही बुजवू नयेत, कारण काचेच्या कडेने पाणी दारात उतरतच असते आणि वाट मिळाली नाही तर दार आतून गंजते. मागच्या पावसात मी दोनदा पॅनेल काढून पाहिले. छिद्रे मोकळी होती आणि स्पीकरचे चुंबकही कोरडे होते.

इथेही एक चूक झालीच. पहिला आणलेला संच ऐकायला सुरेख होता, पण त्याचे चुंबक खोल होते. स्पीकर बसवला, वाजवून पाहिला, खूश झालो आणि काच खाली घेतली, तर पाऊण उतरल्यावर काच ‘कट्’ करून थांबली. ती चुंबकावर टेकली होती. सुदैवाने फुटली नाही. स्पीकरची खोली काच पूर्ण खाली घेऊनच मोजायला हवी होती. तो संच परत करून पातळ चुंबकाचा घेतला.

सबवूफरचे सांगायचे राहिले. छत बंद असताना या लहानशा केबिनमध्ये खालचे स्वर आपोआप उचलले जातात आणि डग्ग्याची घुमक पाठीला जाणवते. छत उघडले की ती मदत संपते, आणि त्यावर वाऱ्याची घरघर नेमकी त्याच खालच्या स्वरांना झाकते. डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्रा असल्याने पेटी मागे ठेवून भागत नाही, म्हणून ती शेजारच्याच्या पायांशी ठेवली होती. मी ही गाडी बहुतेक वेळा छत उघडे ठेवूनच चालवतो, तेव्हा मिळकत थोडी आणि शेजारी बसणाऱ्याची गुडघे पोटाशी घेऊन होणारी कुचंबणा रोजची. दोन महिन्यांनी पेटी काढली. अ‍ॅम्प्लिफायरचे दोन चॅनेल आता रिकामे आहेत आणि मला त्याची खंत नाही.

ट्यूनिंगला मात्र वेळ द्यावा. दारांतल्या वूफरला ८० हर्ट्झच्या खालचे स्वर देणे बंद केले आणि आवाज एकदम मोकळा झाला, कारण पेलवत नाही ते ओझे शंकूवरून उतरले. दुसरी गोष्ट अंतराची. टेपने मोजले तर माझ्या कानापासून जवळचा वूफर ९५ सेंटिमीटरवर आणि लांबचा १३५ सेंटिमीटरवर आहे. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा जवळच्या स्पीकरला १.२ मिलिसेकंद उशीर दिला. त्याआधी गायक माझ्या मांडीपाशी बसून गात असल्यासारखा वाटे, आता तो डॅशबोर्डच्या मधोमध येतो. शेजारी बसणाऱ्याला अर्थातच हे सगळे उलटे ऐकू येते.

आठ महिन्यांत कुरकुरी तीनच. फोन जोडायला युनिट कधीकधी अर्धा मिनिट घेते. छत उघडे असताना फोनवर बोलणे अशक्य आहे, समोरच्याला फक्त वारा ऐकू जातो. आणि डाव्या दारात एका विशिष्ट स्वरावर काहीतरी झिणझिणते, जे मला अजून सापडलेले नाही. बॅटरीची धास्ती होती, कारण ही गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. गाडी बंद करून अर्ध्या तासाने मीटर लावला तेव्हा एकूण १८ मिलिअँपिअर गळती दिसली. ती ५० असती तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास गेले असते, म्हणजे लहान बॅटरी साफ झोपली असती. तीन आठवडे उभी राहूनही गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

माझ्या गाडीत आसनांच्या माथ्याशी मूळचे छोटे स्पीकर आहेत, ते हेड युनिटवरच अगदी हळू वाजतात आणि वेगात कानाशी शब्द आणून देतात. त्यांचेही फोम आता झडू लागले आहेत. पुढचे काम तेच, आणि त्याआधी डाव्या दाराचे पॅनेल पुन्हा एकदा काढायचे आहे.