लेन्स गेलेला पीएस-टू मॉड करून: दिवाळी ते मृग

आधी निकाल सांगून टाकतो. घरात जुना प्लेस्टेशन २ (पीएस-टू, टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र) माळ्यावर पडला असेल, डिस्क घातली की नुसता गुरगुरत असेल आणि घरचे 'भंगारात टाक' म्हणून मागे लागले असतील, तर टाकू नका. अशा यंत्रात बहुतेक वेळा बाकी सगळं धड असतं, फक्त डिस्क वाचणारी लेन्स दमलेली असते. त्या लेन्सला हात न लावता गेम चालवायची पद्धत आता चांगली रुळलेली आहे. मी गेल्या दिवाळीत हे केलं, आता मृग लागलाय, आणि मधल्या सगळ्या महिन्यांत हे यंत्र आमच्या भुसावळच्या घरात जवळजवळ रोज चाललंय.

माझ्याकडचं मॉडेल पातळ आहे, एससीपीएच-७७००० मालिकेतलं. मूळ प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी बाजारात आला आणि २०१३च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला. त्याचा फायदा आज आपल्याला होतो. इतकी यंत्रं जगात असल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि हौशी लोक अजून त्याच्यासाठी नवी सॉफ्टवेअर लिहितात.

मॉड, म्हणजे यंत्रात आपल्या सोयीने केलेला बदल, म्हटलं की आपल्याकडे अजून लोकांना मॉडचिप आठवते. यंत्र खोलायचं, बोर्डावर केसासारख्या तारा डकवायच्या, आणि कारागिराचा हात हलला तर यंत्र गेलं. आता त्यातलं काही लागत नाही. 'फ्री मॅकबूट' नावाचं हौशी लोकांनी लिहिलेलं, बाहेरचे कार्यक्रम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावर (गेमची प्रगती साठवायच्या कार्डावर) बसतं. प्लेस्टेशन २ सुरू होताना मेमरी कार्डात सिस्टिमचं अपडेट आहे का ते पाहतो. सोनीनेच ठेवलेली ही वाट वापरून फ्री मॅकबूट आत शिरतं. कार्ड काढलं की यंत्र पुन्हा जसंच्या तसं. स्क्रू उघडायची गरज नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

मात्र कार्डाच्या बाबतीत हात आखडू नका. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून फ्री मॅकबूट टाकलेलं ६४ एमबीचं कार्ड मागवलं. मॉड सुरू व्हायला ते उत्तम निघालं, पण गेम सेव्ह करायला भरवशाचं नाही. भाच्याची क्रिकेटची अर्धी झालेली स्पर्धा त्यात नाहीशी झाली. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर आलं नाही. शेवटी त्याच कार्डाने यंत्र सुरू केलं, पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर घेतला आणि माझ्या जुन्या मूळ ८ एमबी कार्डावर फ्री मॅकबूट चढवलं. तेव्हापासून एकही सेव्ह गेलेला नाही. ८ एमबी ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण या गेमांचे सेव्ह बहुधा केबींतच मोजले जातात, आणि ओपीएलमध्ये (त्याबद्दल पुढे लिहितो) प्रत्येक गेमला स्वतंत्र आभासी मेमरी कार्डही देता येतं.

ओपीएल म्हणजे ओपन पीएस-टू लोडर. गेमची यादी दाखवणारा आणि डिस्कशिवाय गेम सुरू करणारा कार्यक्रम हाच. खरा प्रश्न असतो गेमची फाइल ठेवायची कुठे, आणि अनुभवातला सगळा फरक इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात सोपं म्हणजे समोरच्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह. पण हे पोर्ट यूएसबी १.१चे आहेत. कागदावर वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट, आणि हातात त्याहून कमीच येतो. यंत्राचा स्वतःचा ड्राइव्ह डीव्हीडी चौपट वेगाने वाचतो, म्हणजे सेकंदाला पाच मेगाबाइटच्या वर. गेम बनवणाऱ्यांनी तो वेग धरून गेम बनवलेत. म्हणून पेनड्राइव्हवर क्रिकेट, कुस्ती, मारामारीचे गेम छान चालतात, पण मधले व्हिडिओ अडखळतात आणि आवाज तुटतो. मोकळ्या शहरात गाडी पळवायच्या गेममध्ये समोरचा रस्ता उशिरा उमटतो. पेनड्राइव्ह कितीही महागाचा घ्या, यात फरक पडणार नाही.

दुसरा रस्ता लॅनचा, म्हणजे नेटवर्कच्या तारेने संगणकाला जोडायचा. पातळ मॉडेलमध्ये नेटवर्कचं पोर्ट आधीपासून आहे. जुन्या लॅपटॉपला तार जोडली आणि एक फोल्डर शेअर केलं. वेग लगेच जाणवला, व्हिडिओ सरळ चालू लागले. अडचण अशी की ओपीएल फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, एसएमबी १, वापरतो, आणि विंडोज १०मध्ये ती सुरक्षेच्या कारणाने बंद केलेली आहे. ती चालू करायचीच असेल तर तो लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून, थेट तारेने जोडून ठेवा. शिवाय खेळायला बसायचं तर दर वेळी लॅपटॉपही सुरू करायचा. पाहुणे आले, पोरं जमली, की तेवढा वेळ कोणाला धीर नसतो.

आता मी एसडी कार्डावर स्थिरावलोय. एमएक्सफोरएसआयओ नावाचा छोटा अॅडॅप्टर मिळतो. तो मेमरी कार्डाच्या दुसऱ्या खाचेत बसतो आणि त्यात मायक्रोएसडी घालायचं. काही शे रुपयांत काम होतं. यूएसबीपेक्षा बरा वेग, तार नाही, लॅपटॉप नाही. अवजड व्हिडिओ असलेल्या एखाद्या गेममध्ये क्वचित अडखळ येते, तेवढी मी सोसतो.

कोणत्याही साठवणीत दोन गोष्टी पाळाव्या लागतात. फाइल कार्डावर सलग लिहिलेली हवी, तुकड्यांत विखुरली की ओपीएल गेम सुरूच करत नाही. म्हणून कार्ड एकदा फॉरमॅट करून सगळे गेम एका दमात टाका, मधले पुसून पुन्हा भरत बसू नका. दुसरं, कार्ड एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. गॉड ऑफ वॉर २ दुहेरी थराच्या डीव्हीडीवर आलेला, तो यात बसणार नाही. ओपीएलच्या नव्या आवृत्त्या एक्सफॅट ही दुसरी पद्धत ओळखतात, तीच वापरा.

गेम कुठून आणले, हे विचारलं जाईलच. माझ्या जुन्या डिस्कमधून. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क घालायची आणि इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल असलेली फाइल, काढायची. यंत्राच्या लेन्सने नाकारलेल्या कित्येक डिस्क लॅपटॉपने मुकाट वाचल्या. निळ्या पाठीच्या डिस्क सीडी असतात, त्यांची इमेज ओपीएलच्या सीडी फोल्डरात जाते आणि चंदेरी पाठीच्या डीव्हीडी फोल्डरात. फुकट उतरवलेल्या गेमांचे ढीग कार्डावर भरून देणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. ज्या डिस्कसाठी मी त्या काळात पैसे साठवले, त्या चालत्या राहाव्यात एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. शिवाय हजार गेमांच्या यादीत पोरं नुसती वर-खाली करत बसतात, खेळत कोणीच नाही.

खेळण्याचा अनुभव सांगायचा तर सगळ्यात जास्त चाललाय तो ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७. २००६चा गेम. भरीत पार्टीला मामेभाऊ आणि त्याचे मित्र जमले होते. टीव्हीवर ती जुनी मैदानं उमटली तसा एकजण ओरडला, "अरे भो, हे तर चालून राहिलं!" जेवण बाजूला राहिलं आणि दोन कंट्रोलरवर नंबर लागले. माझ्या भाच्याला मात्र 'देसी अड्डा' जास्त आवडला. २००९चा, हैदराबादच्या गेमशास्त्रने बनवलेला, कबड्डी आणि विटीदांडू असलेला गेम. प्लेस्टेशन २वर आपल्याकडच्या लोकांनी आपल्या खेळांचे गेम केले होते, हे आजच्या पोरांना माहीतच नसतं. त्याच वर्षीचा 'हनुमान: बॉय वॉरियर'ही भारतातच बनला. गेम म्हणून तो साधारणच आहे, पण ही डिस्क कुठे मिळाली तर जपून ठेवा.

मोबाइलवर किंवा संगणकावर हेच गेम चालतात, मग हा डबा कशाला, असं बरेच जण विचारतात. संगणकावर पीसीएसएक्स-टू एम्युलेटरमध्ये (प्लेस्टेशन २ची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात) चित्र जास्त स्वच्छ दिसतं, हे खरंच आहे. तुम्हाला मोठ्या टीव्हीवर कोरीव चित्र हवं असेल तर तेच करा. पण डुअलशॉक २, म्हणजे या यंत्राचा मूळ कंट्रोलर, हातात घेतल्यावर कळतं की फरक बोटांत आहे. त्याची चौकट, त्रिकोण, फुली, गोल ही बटणं दाब ओळखतात. ग्रॅन टुरिस्मो ४मध्ये फुलीचं बटण हलकं दाबलं तर गाडी हळू धावते, घट्ट दाबलं तर पूर्ण वेग घेते. मेटल गिअर सॉलिड ३मध्ये रोखलेलं पिस्तूल गोळी न झाडता खाली घ्यायचं तर चौकटीवरचं बोट अगदी सावकाश उचलावं लागतं. झटकन सोडलं की गोळी सुटते आणि सगळी छावणी जागी होते. आजच्या साध्या कंट्रोलरवर हे बटण दाबलं किंवा सोडलं, इतकंच कळतं. त्या गेममधला ताण अर्धा त्या बोटातच आहे.

टीव्हीचंही तसंच. एलईडीवर पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेने जोडला तर चित्र पुसट दिसतं आणि बटण व बॅट यांच्यात किंचित उशीर येतो. फास्ट बोलरसमोर तेवढ्या उशिरात दांडी उडते. मी भंगारवाल्याकडून २१ इंची डब्बा टीव्ही आणला. त्यावर रंग भरून येतात आणि बटणाला चित्र लगेच उत्तर देतं. डब्बा टीव्ही ठेवायला जागा नसेल तर निदान कॉम्पोनंट केबल घ्या, आणि एलईडीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा. आपल्याकडच्या डिस्क पॅल या टीव्ही पद्धतीच्या, ५० हर्ट्झच्या, म्हणजे चित्र सेकंदाला ५० वेळा बदलणाऱ्या. काही गेममध्ये सुरुवातीला ६० हर्ट्झचा पर्याय येतो. टीव्ही घेत असेल तर तोच निवडा, खेळ अंगात येतो.

आता आमच्या भागातल्या खऱ्या शत्रूंबद्दल: ऊन, धूळ आणि वीज. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो. त्या दिवसांत दुपारी यंत्र लावायचंच नाही, हा मी नियम केला. संध्याकाळी कूलर सुरू झाल्यावर खेळायचं, पण यंत्र कूलरच्या झोतासमोर ठेवायचं नाही, दमट हवा आत ओढली जाते. बाजूच्या जाळीत दोन महिन्यांत बोटाला लागेल इतकी धूळ साचते. मऊ ब्रशने ती काढली की पंख्याचा आवाज लगेच उतरतो. हे मॉडेल बाहेरच्या ८.५ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतं. वीज वर-खाली झाली तर मार आधी अॅडॅप्टरवर येतो, म्हणून मी टीव्ही आणि यंत्र दोन्ही स्टॅबिलायझरवर घेतलेत. सेव्ह होत असताना वीज गेली तर कार्डावरचा सेव्ह बिघडू शकतो. आभाळ भरून आलं, दिवे लुकलुकायला लागले, की आधी सेव्ह करून बाजूला व्हायचं. आमच्याकडे वळिवाच्या दिवसांत हे फार वेळा करावं लागलं.

कंट्रोलरची एक दुरुस्ती लिहून ठेवतो, कारण यावरून चांगले कंट्रोलर फेकले जातात. बटणं आपोआप दाबली जातात किंवा दाबूनही लागत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा आतली पातळ फिल्म बोर्डाच्या संपर्कांवर नीट टेकत नसते. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका पोराने माझ्यासमोर कंट्रोलर उघडला, फिल्मचं टोक स्पिरिटने पुसलं, तिच्या मागे फोमचा नखाएवढा तुकडा ठेवला आणि पुन्हा बंद केला. चहा होईपर्यंत काम झालं. मूळ डुअलशॉक २ असेल तर हे आधी करून पाहा, नवे नकली कंट्रोलर घेऊ नका. त्यांच्या बटणांत दाबाची ती समज नसते.

जमत नाही ते प्लेस्टेशन १च्या गेमांचं. पॉपस्टार्टर नावाच्या सोयीने ते एसडीवरून चालतात म्हणतात तसे चालतात, पण काही गेममध्ये संगीत गायब होतं, काही मध्येच थिजतात. पातळ मॉडेलांत ७५००० मालिकेपासून जुना प्लेस्टेशन १चा प्रोसेसर काढून त्याचं काम दुसऱ्या चिपवर दिलेलं आहे, त्यामुळे मूळ डिस्क घातली तरी मोजके गेम अडतात. टेक्केन ३साठी मी अजून डिस्कच वापरतो, लेन्स सीडी कधीकधी वाचते.

जुना घ्यायला निघाला असाल तर पैसे देण्याआधी यंत्र उलटं करून खालचं लेबल वाचा. ३०००० ते ७९००० मालिकांत फ्री मॅकबूट बिनघोर चालतं. ९०००० मालिकेत नंतर बनलेल्या यंत्रांवर सोनीने ती अपडेटची वाट बंद केली, तिथे फ्री मॅकबूट उठत नाही. त्यासाठी ओपनट्यूना नावाचा दुसरा मार्ग आहे, तोही मेमरी कार्डावरूनच. म्हणजे ९०००० मिळाला तरी घ्यायला हरकत नाही, फक्त कार्ड मागवताना मॉडेल नंबर विक्रेत्याला सांगा. आणि लेन्स गेलेला असेल तर भाव पाडून मागा, कारण तुम्हाला ती लागणारच नाही.