ग्रेशियन की ग्रेगरी: मध्ययुगीन कॅनन लॉचे वाचन कोठून सुरू करावे?

मध्ययुगीन कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, मूळ ग्रंथांवरून समजून घ्यायचे ठरवले की लवकरच एक निवड करावी लागते. सुरुवात बाराव्या शतकातील शिक्षक ग्रेशियनच्या ‘डिक्रेटम’ या नियमसंग्रहाने करावी, की पोप ग्रेगरी नवव्याच्या १२३४ सालच्या निर्णयपत्रांच्या (पोपनी पत्रांतून दिलेल्या निर्णयांच्या) संग्रहाने, म्हणजे ‘लिबेर एक्स्ट्रा’ने? वर्म्सचा बुर्खार्ड किंवा शार्त्रचा ईव्हो यांचे जुने संग्रह आरंभासाठी सहसा कोणी सुचवत नाही. १२९८ चा ‘लिबेर सेक्स्टुस’ ही तर ‘एक्स्ट्रा’ची पुरवणीच आहे. मी दोन्ही ग्रंथ वापरले आहेत आणि माझा कल एका बाजूला आहे. मात्र दुसऱ्या बाजूचे बळही मी कमी लेखत नाही.

शोधायला सोपा ग्रंथ कोणता, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर निःसंशय ‘लिबेर एक्स्ट्रा’ हे आहे. न्यायाधीश, खटला, पाद्री, विवाह आणि गुन्हा ही त्याची पाच पुस्तकांची मांडणी पाव्हियाच्या बर्नार्डने ११९० च्या सुमारास आपल्या संग्रहासाठी योजली होती. पेन्याफोर्टच्या रेमंडने ग्रेगरीच्या आज्ञेवरून नवा संग्रह रचताना तीच स्वीकारली. १८५ शीर्षके आणि दोन हजारांच्या जवळपास प्रकरणे असूनही हवा तो विषय थोड्या सरावाने सापडतो. शिवाय हा पोपने जारी केलेला कायदा आहे. तो बोलोन्या आणि पॅरिस येथील शिक्षकांकडे व विद्यार्थ्यांकडे पाठवला गेला, आणि पोपच्या अनुमतीवाचून दुसरा संग्रह करण्यास मनाई झाली. ‘डिक्रेटम’ला असा अधिकार कधीच मिळाला नाही. ११४० च्या सुमारास बोलोन्यात सिद्ध झालेला तो एका शिक्षकाचा खाजगी ग्रंथ होता आणि अध्यापनाच्या बळावरच युरोपभर मान्य झाला.

‘डिक्रेटम’मध्ये वाट चुकणे फार सोपे आहे. पहिल्या भागात १०१ डिस्टिंक्शिओ (विषयवार विभाग), दुसऱ्यात ३६ काउसा (कल्पित खटले आणि त्यांवरील प्रश्न), तिसऱ्यात संस्कारांविषयीचा मजकूर, अशी त्याची रचना आहे. परंतु प्रायश्चित्तावरचा संपूर्ण प्रबंध तेहतिसाव्या काउसाच्या तिसऱ्या प्रश्नात, एका बिघडलेल्या विवाहाच्या खटल्याच्या पोटात दडलेला आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार? त्यातच इतिहासकार अँडर्स विनरोथ यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ग्रंथाची आधीची, बरीच आटोपशीर अशी एक आवृत्ती होती आणि आपल्या हाती आहे तो नंतर वाढवलेला पाठ आहे. रोमन कायद्यातील बरेच उतारे या वाढीतून आले आहेत. संपादक फ्रीडबर्गच्या १८७९ च्या छापील प्रतीत हे दोन थर वेगळे दिसत नाहीत. ही उणीव लहान नाही.

तरीही माझ्या बाबतीत निर्णय झाला तो दुसऱ्या ग्रंथातील एका त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे रेमंडची कात्री. निर्णयपत्रे विखुरलेली, परस्परविरोधी आणि पाल्हाळिक झाल्यामुळे गोंधळ माजला आहे, अशी ग्रेगरीची तक्रार होती. त्यावर रेमंडने प्रकरणांतील हकिकत, पक्षकारांचे म्हणणे आणि त्याला अनावश्यक वाटलेले सर्व काही छाटले. एकच पत्र अनेक विषयांवर असेल तर त्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या शीर्षकांखाली वाटून टाकले. पोप इनोसंट तिसऱ्याने १२०४ मध्ये इंग्लंडमधील ईलीच्या बिशपला पाठवलेले दीर्घ उत्तर अशाच रीतीने ग्रंथभर विखुरलेले आहे. माझा अनुभव असा की प्रकरण वाचून संपते, निर्णय समजतो, पण कोणत्या संकटात सापडलेल्या माणसाने तो मागितला होता हे कळत नाही, आणि मग तो निर्णय लक्षातही राहत नाही. फ्रीडबर्गने १८८१ च्या खंडात गाळलेला मजकूर तिरप्या अक्षरांत परत आणला आहे, त्याबद्दल त्याचे ऋण मानावेच लागते. पण मग प्रत्येक पानावर दोन ग्रंथ एकदम वाचावे लागतात, एक मूळ पत्र आणि दुसरा १२३४ नंतरच्या न्यायालयापुढे असलेला कायदा. सगळीच प्रकरणे अशी कोरडी आहेत असे नव्हे. एकीला लग्नाचे वचन देऊन दुसरीच्या शय्येवर तिच्या बापाला सापडलेल्या आणि तिथेच तिच्याशी लग्न करावे लागलेल्या माणसाविषयी पोप अलेक्झांडर तिसऱ्याने नॉर्विचच्या बिशपला लिहिलेले पत्र अजूनही जिवंत वाटते. अशी प्रकरणे आणखी असती तर कदाचित मी वेगळे लिहिले असते.

ग्रेशियन मात्र माणसापासूनच सुरुवात करतो. एकोणतिसाव्या काउसात एका उमराव स्त्रीला अमुक उमरावाच्या मुलाची मागणी आल्याचे सांगितले जाते आणि ती होकार देते. प्रत्यक्षात दुसराच एक माणूस, तोही दास, त्याच्या नावाने येऊन तिच्याशी लग्न करतो आणि मग खरा वर दारात उभा राहतो. हे लग्न झाले काय? या प्रश्नाची उकल करताना ग्रेशियन मतभेद लपवत नाही. इतरत्र तो धर्मसभांचे नियम, पोपची पत्रे आणि ऑगस्टीनसारख्या धर्माचार्यांची वचने एकमेकांसमोर उभी करतो, आणि काळ, स्थळ, व्यक्ती किंवा दिलेली सवलत यांतील भेद दाखवून त्यांचा मेळ घालू पाहतो. कधी तो मेळ ओढूनताणून घातलेला वाटतो. पण विचार कोणत्या पायरीवर घसरला हे वाचकाला दिसते, आणि कायदा शिकणाऱ्याला याहून मोलाचे काय असेल?

गोव्याच्या चर्चचा इतिहास हा ज्यांचा विषय आहे, त्यांचे गणित थोडे वेगळे असू शकते. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली तेव्हा नुकत्याच संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेचे नियम लागू करायचे होते, पण त्यांच्या खाली निर्णयपत्रांचाच पाया होता. बिशपचे अधिकार, खटल्याची रीत, विवाहातील अडथळे यांचा संदर्भ लावायचा असेल तर ‘एक्स्ट्रा’ हाताशी हवाच. निव्वळ संदर्भासाठी एकच ग्रंथ जवळ ठेवायचा असेल, तर मीही बहुधा तोच ठेवीन.

वाचनासाठी मात्र माझी सूचना ‘डिक्रेटम’ची आहे, आणि तेही पहिल्या पानापासून नव्हे. पहिल्या वीस डिस्टिंक्शिओंचा टीकेसह इंग्रजी अनुवाद १९९३ मध्ये निघाला असल्याने पुष्कळजण तिथून आरंभ करतात. पण तो भाग कायद्याच्या उगमाविषयी आणि अधिकाराविषयी असून बराच अमूर्त आहे. त्याऐवजी सत्ताविसाव्या काउसाचा दुसरा प्रश्न उघडावा. वाग्दत्त वधूने दुसऱ्याशी लग्न केले तर पहिला वर तिला परत मागू शकतो काय, या वादात ग्रेशियन असे ठरवतो की विवाह वाग्दानाने सुरू होतो आणि शरीरसंबंधाने पूर्ण होतो. ते पचल्यावर ‘लिबेर एक्स्ट्रा’च्या चौथ्या पुस्तकातील पहिले शीर्षक घ्यावे. वर्तमानकाळी क्रियापदात (‘करीन’ नव्हे, ‘करतो’ अशा शब्दांत) उच्चारलेल्या संमतीनेच विवाह होतो, याकडे अलेक्झांडर तिसरा तिथे ग्रेशियनला मागे टाकून कसा सरकला, हे ग्रेशियनची बाजू आधीच माहीत असल्यामुळे त्या छाटलेल्या प्रकरणांतूनही स्पष्ट दिसू लागते.