मुंबईत राहून गावच्या विकास सोसायटीचा सभासद: खरीप ते मार्चअखेरचा अनुभव

वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली आणि घाटावरच्या आमच्या गावातल्या विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, मी सभासद झालो. राहायला घाटकोपर, नोकरी फोर्टात, दीड एकर ऊस बघतो चुलतभाऊ. माझ्यासारखे मुंबईकर सभासद गावोगाव आहेत, म्हणून लिहितोय.

कर्जाच्या बाबतीत तक्रार नाही. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्राची नि राज्याची सवलत धरून बिनव्याजी पडतं. एवढ्याशा उसासाठी दुसरी कुठली बँक मला दारात उभं करेल? डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर निघाला. सचिव फोन उचलतात, नीट बोलतात. सह्यांना मात्र गावी जावंच लागतं. गंमत म्हणजे या कर्जाच्या साखळीचं वरचं टोक, 1911 साली सुरू झालेली राज्य सहकारी बँक, माझ्या ऑफिसपासून पायी अंतरावर. तिथून पैसा जिल्हा बँकेत, मग सोसायटीत.

खरी कसोटी मार्चअखेरीस. तेव्हा नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज पूर्ण भरायचं आणि नवं उचलायचं. ऊसतोडीनंतर 14 दिवसांत कारखान्याने उसाचे पैसे, म्हणजे बिल, द्यावं असा कायदा आहे. आमचं बिल मार्च सरला तरी आलं नव्हतं. एरवी कारखाना सोसायटीची वसुली बिलातूनच कापून घेतो, पण बिलच नाही तर कापणार काय? शेवटी ऑफिसच्या पतपेढीतून तातडीचं कर्ज काढून भरणा केला. नवं कर्ज हातात येईपर्यंत पतपेढीचं व्याज चालूच. बिनव्याजी कर्ज टिकवायला व्याजाचं कर्ज! मला निदान पतपेढी तरी आहे. भाऊबंद हातउसने घेतात, तेही फुकट मिळत नाहीत.

सोसायटीतल्या खताचं सांगण्यासारखं एवढंच: युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, पण सोबत एक द्रवखताची बाटली घ्या म्हणतात. नको म्हटलं तर गोणी 'संपलेली' असते. खत आता भाऊ तालुक्याहून आणतो.

आणि वार्षिक सभा. ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तशी झालीही, पण कामाच्या दिवशी. नोटीस फळ्यावर, भावाने फोटो पाठवला तो आदल्या संध्याकाळी. अहवाल नंतर हाती आला, त्यात सगळे विषय 'सर्वानुमते मंजूर'. कर्ज देताना शेअर्सची रक्कम चोख कापली होती, म्हणजे मालकांपैकी एक मीही. पण त्या नात्याने विचारतं कोण? पतपेढी सभेचा एसएमएस पाठवते, लाभांशही दिवाळीआधी खात्यात टाकते.

कर्ज पुढच्या वर्षीही इथूनच उचलणार. सभेची नोटीस मोबाइलवर पाठवा असा लेखी अर्ज दिलाय, शिक्क्यानिशी पोच घेतलीय.