ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचं सात-पिनी किट: सॉकेट जुळतं, वायरिंग जुळत नाही

ट्रेलर तोच ठेवून ओढणारी गाडी बदलली की बरेच जण हे किट ऑनलाइन मागवतात. खोक्यात डॅशबोर्डखाली बसवायचा, ट्रेलरच्या ब्रेकला करंट देणारा ब्रेक कंट्रोलर, सात पिनांचं गोल सॉकेट, चपट्या अमेरिकन पिनांवरून गोल पिनांवर नेणारं अडॅप्टर आणि वायरचं भेंडोळं असतं. वर छापलेलं असतं, 'कोणत्याही गाडीला चालेल'. कॅम्पिंगचा किंवा बोटीचा भरलेला ट्रेलर घेऊन कसारा घाट उतरायचा असेल, तर या वाक्यावर अजिबात विसंबू नका. कंट्रोलर चांगला आहे, सॉकेट ठीक आहे, वायर बदलावीच लागते आणि अडॅप्टर बाजूला ठेवलेलं बरं.

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, कोणती पिन काय काम करते ते बदलत नाही. आयएसओ १७२४ या १२ व्होल्टच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पिन १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग लाइट, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक लाइट, ७ डावा टेल. सातही पिना दिव्यांतच संपल्या, चाकांच्या ब्रेकसाठी जागाच उरली नाही. अमेरिकन सात-पिनीत मात्र निळी वायर चाकांच्या ब्रेकची असते आणि आयएसओत निळा रंग फॉगचा. रंगाला रंग जोडला की फॉगचं बटण दाबताच ब्रेकला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि ट्रेलरचे ड्रम तापायला लागतात. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या ट्रेलरमध्ये तर पिन ५ ब्रेकची असते. तो आयएसओ गाडीला जोडला, तर पार्किंग लाइट लावताच ट्रेलर जागीच अडकतो.

दिव्यांचीही तीच गत. अमेरिकन ट्रेलरवर ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकाच वायरवर चालतात, आपल्याकडच्या गाड्यांत ते वेगळे असतात. त्यामुळे साध्या अडॅप्टरवर इंडिकेटर लागतात, पण ब्रेक दाबला तरी ट्रेलर मागून अंधारातच राहतो. दोन्ही सिग्नल एकत्र करणारं कन्व्हर्टर मॉड्यूल मिळतं, पण त्यापेक्षा ट्रेलरवर टेल, ब्रेक आणि इंडिकेटर वेगळे असलेले दिवे बसवणं चांगलं. म्हणजे पुढची गाडी बदलताना हा प्रश्न पुन्हा येत नाही.

नाशिकमध्ये आणखी एक गोंधळ होतो. आडगावच्या ट्रक टर्मिनलसारख्या भागात २४ व्होल्टच्या ट्रकवर काम करणाऱ्यांच्या हाताला आयएसओ ११८५ ची सवय असते. त्यात पिन १ अर्थ आणि पिन ३ डावा इंडिकेटर. ट्रेलरचा १२ व्होल्टचा प्लग त्याच क्रमाने जोडला, तर डावा इंडिकेटर देताच फ्यूज उडू शकतो, कारण इंडिकेटरचा करंट थेट ट्रेलरच्या चासीत जातो. म्हणून काम सांगताना नुसतं 'सात-पिनी जोड' म्हणू नका, पिनांचा तक्ता कागदावर लिहून हातात द्या.

आता कंट्रोलर. त्याला चार वायरी असतात. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये सर्किट ब्रेकर, एका अ‍ॅक्सलला २० अँपिअरचा, दोन अ‍ॅक्सलला ३० चा. पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. निळी ट्रेलरच्या ब्रेककडे. लाल वायर ब्रेक स्विचच्या अशा बाजूला, जिथे पेडल सोडल्यावर ० आणि दाबल्यावर १२ व्होल्ट मिळतात. जुन्या बोलेरोसारख्या साध्या वायरिंगच्या गाडीत ही बाजू टेस्टलॅम्पने लगेच सापडते. नव्या गाडीत ब्रेक स्विच बीसीएमला, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरला, नुसता सिग्नल देतो. काहींमध्ये तो उलटा असतो, काहींमध्ये क्रूझ कंट्रोलचा दुसरा संपर्कही त्यातच असतो. तिथे टेस्टलॅम्प लावू नका, मल्टिमीटरनेच मोजा आणि लाल वायरसाठी ब्रेक लाइटच्या वायरवरून रिले घ्या. दिव्यांसाठीही बॅटरीवरून स्वतंत्र पुरवठा घेणारं मॉड्यूल लागतं. टेल लाइटच्या वायरला थेट चिमटा लावला, तर बीसीएमला जास्तीचा भार दिसतो आणि ते ती लाइन बंद करू शकतं.

किटमधली वायर बारीक आहे. १२ व्होल्टवर चाकाच्या ब्रेकमधला एक मॅग्नेट साधारण ३.७५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन चाकांना साडेसात. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरवर ६ मीटर जाताना आणि तेवढंच परतताना दीड व्होल्टच्या आसपास घट होते. ४ चौरस मिमी घेतली की तीच घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. अर्थची वायरही तेवढीच जाड हवी, ट्रेलर अडकवायच्या हिचच्या बॉलवर अर्थ सोडू नका. तसं केलं की बॉलला ग्रीस लागताच इंडिकेटरबरोबर टेल लाइटही मिणमिणतात आणि ब्रेक कमीजास्त पकडतात.

गाडीला जोडण्याआधी ट्रेलरच्या प्लगवर ब्रेकची वायर आणि अर्थ यांच्यात रेझिस्टन्स मोजा. १० किंवा १२ इंची ड्रमचा मॅग्नेट सुमारे ३.२ ओहमचा असतो, दोन मिळून १.६ यायला हवेत. ३.२ आले तर एका चाकाच्या ब्रेकची जोडणी तुटलीय, शून्याजवळ आले तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि काहीच आलं नाही तर वायर किंवा अर्थ तुटलाय. पावसाळ्यानंतर तर ही तपासणी कराच. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात सॉकेटमध्ये हिरवा गंज चढतो, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. बोटीचा ट्रेलर गंगापूर धरणावर पाण्यात उतरवताना प्लग आधी काढा.

अडॅप्टरऐवजी सुचवण्यासारखी रचना अशी: सात पिना पूर्णपणे दिव्यांना, आयएसओच्या क्रमानेच. ब्रेक, जाड अर्थ आणि बॅटरी चार्जिंग यांच्यासाठी तीन पिनांचं वेगळं जाड कनेक्टर. दोन प्लग लावायचा त्रास आहे खरा. पण गाडी बदलली की फक्त कंट्रोलर आणि हे एक कनेक्टर नव्या गाडीत न्यायचं, ट्रेलरला हातही लावायचा नाही. प्लग लावायचा राहिला, तर ट्रेलर जोडल्याचा कंट्रोलरवरचा दिवा लागत नाही.

चार्जिंगची तिसरी वायर टाळू नका. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे बॅटरी अमेरिकन प्लगमधल्या कायम चालू पिनेवर चार्ज होते. आयएसओच्या सात पिनांत तशी पिनच नाही, त्यामुळे गाडी बदलल्यावर ती बॅटरी हळूहळू मरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. निघण्याआधी मीटरवर तिचे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. मग गाडीचा प्लग काढून ब्रेकअवेची पिन ओढा आणि ट्रेलर ढकलून चाकं अडतात का ते बघा. प्लग लावून ही चाचणी केली, तर उलट्या करंटने कंट्रोलर जळू शकतो.

गेन, म्हणजे कंट्रोलर ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर देतो ते, शेवटी लावा. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात कंट्रोलरवरची हाताची लिव्हर पूर्ण दाबून, ट्रेलरची चाकं अडकून घासायच्या किंचित आधी थांबेल इतका. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरचे आकडे वेगळे येतात, ते दोन्ही कंट्रोलरच्या बाजूला चिकटवून ठेवा.